नायट्रोजनच्या दोन मोकळ्या इलेक्ट्रॉनांविषयी

कार्बनी संयुगांतील नायट्रोजनविषयी प्रश्न पाठवावेत, असे गेल्या अंकात वाचकांना सुचवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. ही पत्रे स्वयंपाकघरातून, वर्गातून, औषधाच्या पाकिटावरून आणि कारखान्याच्या दारातून आलेली आहेत. तरीही त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

उत्तरांपूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नायट्रोजनच्या अणूच्या बाह्यतम कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी तीन बंध बांधण्यात खर्ची पडतात आणि दोन उरतात. या उरलेल्या दोघांना एकाकी इलेक्ट्रॉन जोडी म्हणतात. अमोनियातील एका हायड्रोजनच्या जागी कार्बनचा गट आला की प्राथमिक अमीन मिळते, दोन हायड्रोजनच्या जागी आले की द्वितीयक आणि तिन्हींच्या जागी आले की तृतीयक. या तिन्ही प्रकारांत ती जोडी नायट्रोजनपाशीच असते. पुढची उत्तरे वाचताना प्रत्येक वेळी इतकेच विचारावे, की या रेणूत ती जोडी मोकळी आहे का, आणि मोकळी नसेल तर ती कोणी गुंतवून ठेवली आहे.

प्रश्न : आमच्या घरी मासळीला चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून ठेवण्याची पद्धत आहे. आंबटाने वास कमी होतो हे आजीपासून ऐकत आले आहे, पण नेमके काय घडते? रोहू, कटला यांना तो वास का नसतो? आणि मुशीला कधीकधी चक्क अमोनियासारखा वास का येतो? (वाचक भगिनी, चेंदणी, ठाणे)

उत्तर : ताई, आपल्या आजींनी जे केले ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या माशांना शरीरातील पाण्याचा तोल सांभाळण्यासाठी काही पदार्थ पेशींमध्ये साठवावे लागतात. ट्रायमिथिल अमीन ऑक्साइड हा त्यांपैकी एक. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यानंतर जीवाणू या पदार्थातील ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे ट्रायमिथिल अमीन उरते. मासळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो प्रामुख्याने याचा असतो. या अमीनचा उत्कलनांक सुमारे ३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्या हवेत ते वायुरूपच असते आणि माशाच्या ओल्या पृष्ठभागावरून सतत सुटत राहते.

चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. आम्ल म्हणजे हायड्रोजनचे धनप्रभारित आयन देऊ शकणारा पदार्थ. ट्रायमिथिल अमीनच्या नायट्रोजनवरील एकाकी जोडी असा एक आयन धरून ठेवते आणि त्यामुळे सगळा रेणूच प्रभारित होतो. प्रभारित रेणू पाण्यातून उठून हवेत जात नाही, तो क्षाराच्या रूपात पाण्यातच विरघळून राहतो. अमीन नष्ट झालेले नसते, ते उडण्याचे थांबलेले असते, आणि ते पाणी ओतून टाकले की त्यातील बराचसा भाग त्याच्याबरोबर निघून जातो. मासळी साफ केल्यावर नुसत्या साबणाने हात धुतले तरी वास रेंगाळतो याचा अनुभव आपल्याला असेलच. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, असल्यामुळे ते अमीनला क्षाररूपात बांधत नाही, उलट बांधलेले असेल तर मोकळे करते. आधी लिंबाची फोड हाताला चोळावी, पाण्याने हात धुवावेत आणि मग साबण लावावा.

रोहू आणि कटला हे गोड्या पाण्यातले मासे आहेत. त्यांच्या अंगात ट्रायमिथिल अमीन ऑक्साइड फारच थोडे असते, त्यामुळे तो विशिष्ट वासही त्यांना फारसा येत नाही. मुशी आणि पाकट यांची गोष्ट निराळी आहे. हे मासे त्या ऑक्साइडबरोबर युरियाही मोठ्या प्रमाणात अंगात बाळगतात. मासा शिळा होऊ लागला की जीवाणू युरिया फोडून अमोनिया तयार करतात, आणि आपल्याला येतो तो वास खरोखरच अमोनियाचा असतो.

येथे एक इशारा देणे मला गरजेचे वाटते. आंबटाने वास जातो, पण शिळेपण जात नाही. बांगड्यासारख्या माशात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते, आणि मासा बर्फाशिवाय पडून राहिला तर जीवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. हिस्टामिनही एक अमीनच आहे. त्याला तसा वास नाही आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. असा बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास होऊ शकतो. म्हणून आंबटाचा उपयोग ताज्या मासळीसाठी करावा, शिळी मासळी खपवण्यासाठी करू नये.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. मिथिल गट वाढले की अमीन अधिक प्रबळ आम्लारी होते असे शिकवले, पण पाण्यातील क्रम मात्र डायमिथिल, मिथिल, ट्रायमिथिल, अमोनिया असा उलटसुलट दिला आहे. एथिल अमीनांचा क्रम त्याहून वेगळा आहे. शिकवणीत 'पाठ करून टाक' असे सांगितले. मॅडम, हे पाठ न करता समजून घेता येईल का? ॲनिलिन इतके दुर्बल का आहे? (विद्यार्थिनी, कोपरखैरणे)

उत्तर : हो, नक्की येईल, आणि तू पाठ करायला तयार झाली नाहीस याचा मला फार आनंद झाला. हा क्रम पाठ करणारे विद्यार्थी परीक्षेत एथिल आणि मिथिलची अदलाबदल करून येतात, हे मी अनेक वर्षे उत्तरपत्रिकांत पाहिले आहे.

आधी आकडे समोर ठेवू. आम्लारीचे बळ पीकेबी या अंकाने मोजतात. अंक जितका लहान तितके आम्लारी प्रबळ, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. अमोनियाचा पीकेबी ४.७५ आहे, मिथिल अमीनचा ३.३८, डायमिथिल अमीनचा ३.२७ आणि ट्रायमिथिल अमीनचा ४.२२. म्हणजे पहिला मिथिल गट येताच बळ एकदम वाढते, दुसऱ्याने अगदी थोडे वाढते आणि तिसऱ्याने पुन्हा खाली घसरते.

मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन, नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन ढकलतो. त्यामुळे एकाकी जोडी हायड्रोजन आयन पकडायला अधिक तत्पर होते. एवढा एकच परिणाम असता तर तीन मिथिल गटांचे अमीन सर्वांत प्रबळ ठरले असते, आणि वायुरूप अवस्थेत, म्हणजे आजूबाजूला पाणी नसताना, मोजमाप केले तर खरोखर तसाच क्रम मिळतो: अमोनिया, मिथिल, डायमिथिल, ट्रायमिथिल, चढत्या बळाने. तेव्हा तुला शिकवलेला नियम चुकीचा नाही. तो पाण्याविना खरा आहे.

पाण्यात दुसरी गोष्ट घडते. अमीनने हायड्रोजन आयन पकडला की जो धनप्रभारित अमोनियम आयन तयार होतो त्याला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी घेरतात आणि नायट्रोजनला जोडलेल्या प्रत्येक हायड्रोजनमार्फत त्याच्याशी हायड्रोजन बंध बांधतात. या आधारामुळे तो आयन स्थिर होतो. आता प्रत्येक आयनापाशी असे हायड्रोजन किती आहेत ते मोज. मिथिल अमीनपासून बनलेल्या आयनात तीन आहेत, डायमिथिलमध्ये दोन, आणि ट्रायमिथिलमध्ये एकच. तीन हातांनी पाण्याला धरणारा आयन आणि एकाच हाताने धरणारा आयन यांच्या स्थैर्यात फरक पडणारच. शिवाय तीन गटांच्या गर्दीमुळे पाण्याला त्या एका हायड्रोजनपर्यंत पोहोचणेही अवघड होते. मिथिल गट वाढवत गेलीस की एका बाजूने जोडीची तत्परता वाढते आणि दुसऱ्या बाजूने पाण्याचा आधार कमी होत जातो. या दोहोंचा मेळ डायमिथिल अमीनपाशी सर्वांत चांगला बसतो, म्हणून ते पहिले येते.

दोन कार्बनांचा एथिल गट मिथिलपेक्षा थोडे अधिक इलेक्ट्रॉन ढकलतो, त्यामुळे तेथे काटा थोडासा सरकतो. डायएथिल अमीनचा पीकेबी ३.००, ट्रायएथिलचा ३.२५ आणि एथिल अमीनचा ३.२९ आहे. डायएथिल येथेही पहिलेच आहे. जागा बदलली आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांची, आणि त्यांच्यातील अंतर पाहिलेस तर ते अवघे ०.०४ आहे. इतक्या बारीक फरकावरून मुलांचे गुण जावेत हे मला कधीच पटलेले नाही. परंतु प्रश्न विचारला जातो, तेव्हा कारण माहीत असलेले बरे.

आता ॲनिलिन. त्याचा पीकेबी ९.३८ आहे. मिथिल अमीनच्या ३.३८ शी तुलना केली तर बरोबर सहा अंकांचा फरक, म्हणजे ॲनिलिन दहा लाख पटींनी दुर्बल. येथे नायट्रोजन थेट बेंझीनच्या सहा कार्बनांच्या कड्याला जोडलेला आहे आणि त्याची एकाकी जोडी कड्यातील इलेक्ट्रॉनांच्या ढगात मिसळून जाते. यालाच संस्पंदन म्हणतात. इलेक्ट्रॉन कुठे कुठे असू शकतात हे दाखवणाऱ्या पाच संरचना ॲनिलिनसाठी काढता येतात. परंतु जोडीने हायड्रोजन आयन पकडला की ती कड्यात मिसळू शकत नाही, आणि मग बेंझीनच्या स्वतःच्या दोनच संरचना उरतात. म्हणजे आयन पकडण्यासाठी ॲनिलिनला स्वतःचे स्थैर्य गमवावे लागते, आणि ते त्याला परवडत नाही.

हे खरे कशावरून, असे कोणी विचारले तर सायक्लोहेक्झिल अमीनकडे बोट दाखव. त्यातही सहा कार्बनांचे कडे आहे, त्यालाही तसाच नायट्रोजन जोडलेला आहे. पण ते कडे बेंझीनसारखे नाही, त्यात मिसळायला इलेक्ट्रॉनांचा ढग नाही. त्याचे बळ मिथिल अमीनच्या जवळपास आहे. कडे असण्याने अमीन दुर्बल होत नाही, जोडी कड्यात गुंतल्याने होते. याच विचाराने पॅरा-नायट्रोॲनिलिनचे काय होईल ते स्वतः मांडून पाहा. समोरच्या टोकाला बसलेला नायट्रो गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. या संयुगाचा पीकेबी १३ च्या आसपास आहे हे मी सांगून ठेवते. कारण तू वहीत काढ.

प्रश्न : युरियात तर दोन अमीन गट दिसतात. मग तो अमोनियासारखा झोंबणारा, आम्लारिधर्मी का नाही? 'अमीन' आणि 'अमाइड' हे एकच आहेत का? (वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : एक नाहीत. नायट्रोजन ज्या कार्बनला जोडला आहे त्याच कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजनही जोडलेला असेल तर ते अमाइड. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांचा मोठा लोभी असल्यामुळे नायट्रोजनची जोडी त्याच्या दिशेने ओढली जाते आणि आम्लाशी संयोग करण्यासाठी ती जवळजवळ उपलब्धच राहत नाही. म्हणून युरियाचे पाण्यातील द्रावण जवळजवळ उदासीन असते. जमिनीत किंवा कुंडीत मात्र जीवाणूंचे युरिएझ हे विकर त्याला फोडते आणि तेव्हा अमोनिया मोकळा होतो. ओलसर मातीवर युरिया उघडा टाकून ठेवला की वास येतो तो यामुळे, आणि त्याबरोबर आपण विकत घेतलेला नायट्रोजनही हवेत जातो. युरियात वजनाने सुमारे ४६ टक्के नायट्रोजन आहे. तेव्हा तो मातीआड करून वर पाणी द्यावे. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत तयार केलेला हाच तो युरिया. सजीवांच्या शरीरात बनणारा पदार्थ सजीवाच्या मदतीवाचून बनू शकतो, हे त्यातून दिसले.

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षाला ॲनिलिनपासून अझो रंग बनवण्याचा प्रयोग आहे. तापमान ० ते ५ अंशांच्या मधेच का ठेवायचे? आणि एथिल अमीन घेऊन हाच प्रयोग का करता येत नाही? (विद्यार्थी, कळवा)

उत्तर : हा माझा सर्वांत आवडता प्रयोग आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. मी ठाण्यात शिकत असताना प्रयोगशाळेत बर्फाचे यंत्र नव्हते. प्रयोगाच्या दिवशी सकाळी शिपाईमामा कोळीवाड्याच्या बाजारातून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणत. तिला चिकटलेला लाकडाचा भुसा धुऊन आम्ही ती फोडायचो आणि तुकड्यांत मीठ घालून त्यात चंचुपात्र बसवायचो.

बाटलीतले ॲनिलिन जुने असले की तपकिरी दिसते, ताजे ऊर्ध्वपातित असेल तर रंगहीन. पाण्यात टाकले की त्याचे तेलकट थेंब वेगळे राहतात. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ढवळत गेले की ते थेंब हळूहळू नाहीसे होतात आणि स्वच्छ द्रावण मिळते. हे नीट पाहा, कारण दुर्बल असले तरी ॲनिलिन आम्लारीच आहे आणि येथे ते आपल्या डोळ्यांसमोर क्षारात बदलते आहे. मग थंड केलेले सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे आणि तापमापीवरून नजर हलू द्यायची नाही. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा होऊ लागला की नायट्रस आम्ल पुरेसे झाले असे समजायचे. पात्रात आता बेंझीनचा डायझोनियम क्षार असतो, म्हणजे कड्याच्या टोकाला एकमेकांना जोडलेले दोन नायट्रोजन अणू आणि त्यांच्यावर धनप्रभार.

हे दोन नायट्रोजन रेणूतून सुटून नायट्रोजन वायू होण्याची संधीच शोधत असतात. नायट्रोजन वायूतील तिहेरी बंध निसर्गातील सर्वांत भक्कम बंधांपैकी आहे, त्यामुळे त्या दिशेने जाणे रेणूला अत्यंत सोयीचे असते. तापमान वाढले की बुडबुडे येऊ लागतात, डायझोनियमची जागा पाणी घेते आणि फिनॉल तयार होते. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावर नायट्राइट घाईने एकदम ओतले गेले. पात्र फसफसले, द्रावण गढूळ तपकिरी झाले आणि फिनॉलचा तो रुग्णालयातल्यासारखा वास खोलीभर पसरला. शून्याच्या आसपास ही क्रिया इतकी मंद होते, की पुढचे काम उरकण्याइतका वेळ हाती राहतो.

आणि तरीही बेंझीनचा डायझोनियम क्षार थंडीत तग धरतो, याचे श्रेय पुन्हा कड्यालाच आहे. कड्यातील इलेक्ट्रॉन त्या धनप्रभाराचा काही भार वाटून घेतात. एथिल अमीनच्या बाबतीत असे वाटेकरी कोणी नाहीत. तेथे डायझोनियम तयार झाला रे झाला की नायट्रोजन सुटून जातो, बर्फ कितीही असला तरी, आणि हाती मुख्यतः अल्कोहोल उरते. म्हणून तो प्रयोग होत नाही.

थंड द्रावण बीटा-नॅप्थॉल या फिनॉलसारख्या, पण जोडकड्याच्या संयुगाच्या आम्लारिधर्मी द्रावणात ओतले की दोन्ही रेणू त्या दोन नायट्रोजन अणूंनी सांधले जातात आणि त्याच क्षणी नारिंगी-लाल अवक्षेप उसळून वर येतो; हाच अझो रंग. माझ्या रुमालाचा एक कोपरा मी नॅप्थॉलमध्ये बुडवून मग डायझोनियमच्या द्रावणात टेकवला होता. धाग्यातच रंग जन्मला आणि कितीही धुतले तरी तो गेला नाही. सुती कापड रंगवण्याची एक जुनी कारखानदारी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तुम्ही जो रंग बनवाल त्याचे नाव सुदान १ आहे. लाल मिरचीच्या पुडीत भेसळीसाठी तो वापरल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. अन्नात त्याला पूर्ण मनाई आहे, म्हणून प्रयोगानंतर हात आणि टेबल काळजीपूर्वक स्वच्छ करावे.

डायझोनियम क्षारांचा शोध पेटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये लावला. पुढे बरीच वर्षे ते इंग्लंडमधील बर्टन येथे बिअरच्या कारखान्यात नोकरी करीत असताना सवडीने या क्षारांवर काम करत राहिले. ॲनिलिनचा इतिहास त्याहून जुना आहे. १८२६ मध्ये ओटो उन्फरडोर्बेन यांनी नीळ तापवून ते प्रथम मिळवले, १८३४ मध्ये रूंगे यांना ते कोळशाच्या डांबरात सापडले, १८४२ मध्ये झिनिन यांनी नायट्रोबेंझीनपासून बनवले, आणि प्रत्येकाने त्याला वेगळे नाव दिले. हे सगळे एकच द्रव्य आहे, हे १८४३ मध्ये होफमान यांनी सिद्ध केले. टिकून राहिलेले नाव फ्रिट्शे यांनी दिलेले आहे आणि ते निळीच्या 'अनिल' या पोर्तुगीज नावावरून आले. हा शब्द अरबीतून तिकडे गेला आणि अरबीत तो आपल्या 'नील' या शब्दावरून पोहोचला होता.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. माझ्या औषधांच्या पाकिटांवर 'मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड', 'सेटिरिझिन डायहायड्रोक्लोराइड' असे लिहिलेले असते. म्हणजे गोळीबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल पोटात जाते का? ॲम्लोडिपिनपुढे 'बेसिलेट' लिहितात, पॅरासिटामॉलपुढे मात्र काहीच नाही. असे का? (ज्येष्ठ वाचक, वाशी)

उत्तर : काका, आपण निश्चिंत राहावे, आम्ल म्हणून ते पोटात जात नाही. वरच्या उत्तरात ॲनिलिनचे तेलकट थेंब आम्लात विरघळल्याचे लिहिले आहे, तीच क्रिया औषधाच्या कारखान्यात आधीच करून ठेवलेली असते. पुष्कळ औषधांच्या रेणूंत अमीनसारखा आम्लारिधर्मी नायट्रोजन असतो. मूळ रूपात अशी द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत, काही तेलकट असतात, काही साठवणीत लवकर खराब होतात. आम्लाशी संयोग करून त्यांचा क्षार बनवला की स्फटिकी पूड मिळते. ती मोजायला सोपी, टिकाऊ आणि पाण्यात विरघळणारी असते. खाण्याचे मीठही हायड्रोक्लोरिक आम्लापासून बनू शकते, पण मीठ म्हणजे आम्ल नव्हे. तसेच हे आहे. शिवाय आपले जठर हायड्रोक्लोरिक आम्ल स्वतःच तयार करत असते.

'डायहायड्रोक्लोराइड' म्हणजे औषधाच्या एका रेणूमागे आम्लाचे दोन रेणू. बेसिलेट म्हणजे बेंझीन सल्फोनिक आम्लाचा क्षार. सर्दीच्या गोळ्यांवर क्लोरफेनिरामिन मॅलिएट आणि खोकल्याच्या औषधांवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड असते, तेही याच जातीचे. कोणत्या औषधाला कोणते आम्ल चांगले जुळते हे प्रयोग करून ठरवलेले असते. पाकिटावर आणखी एक बारकावा आढळेल. मेटफॉर्मिनचे ५०० मिलिग्रॅम हे क्षाराचे वजन असते, तर ॲम्लोडिपिनचे ५ मिलिग्रॅम हे मूळ औषधाचे, म्हणून तेथे 'समतुल्य' असा शब्द छापतात. आपण यातून कोणताही हिशेब करू नये. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा छापील आकड्याप्रमाणेच घ्यावी.

पॅरासिटामॉलमध्येही नायट्रोजन आहे, परंतु तो अमाइडमधला. घोडबंदरच्या वाचकांना युरियाविषयी जे सांगितले ते येथे लागू पडते: जोडी शेजारच्या ऑक्सिजनने ओढून ठेवली आहे, आम्लाला देण्यासाठी ती शिल्लक नाही, म्हणून त्याचा हायड्रोक्लोराइड बनवून विकत नाहीत.

प्रश्न : माझे पती ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रंगद्रव्याच्या कारखान्यात ॲनिलिनची पिंपे हाताळतात. कधीकधी घरी येतात तेव्हा ओठ निळसर दिसतात आणि डोके दुखते. कामावर दूध-गूळ देतात, त्याने विष उतरते असे म्हणतात. हे खरे आहे का? (वाचक भगिनी, घणसोली)

उत्तर : ताई, दूध-गुळाने हे उतरत नाही, आणि निळसर ओठांकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये. हे उत्तर मासिक छापून येण्याआधीच आपल्याला टपालाने पाठवले आहे.

ॲनिलिनची वाफ श्वासातून जाते. त्याहून धोक्याची गोष्ट अशी, की द्रवरूप ॲनिलिन अखंड, न कापलेल्या त्वचेतूनही शरीरात शिरते. आत गेल्यावर यकृतात त्याच्या नायट्रोजनला ऑक्सिजन जोडला जातो आणि फिनिल हायड्रॉक्सिल अमीन तयार होते. ते रक्तातील हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते. बदललेल्या हिमोग्लोबिनला मेथिमोग्लोबिन म्हणतात आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी रंगाचे होते, ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात, डोके दुखते, चक्कर येते, धाप लागते. त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून घरी येऊन झोपले की बरे वाटेल अशी वाट पाहू नये. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या अवस्थेत खरा आकडा दाखवत नाही. त्यावर विसंबू नये.

अंगावर ॲनिलिन सांडले तर कपडे आणि बूट ताबडतोब उतरवावेत, नखांखालची जागा आणि केस यांसह सारे अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. पाणी गरम नसावे. कातडी बूट ॲनिलिन शोषून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पायांतून शरीरात जाते, तेव्हा असे बूट पुन्हा वापरू नयेत. सुती हातमोजेही उपयोगाचे नाहीत. या द्रव्यासाठी ठरवून दिलेले हातमोजे कारखान्याने पुरवले पाहिजेत. कामाचे कपडे घरी धुवायला आणू देऊ नका.

कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बेंझीन आणि त्याच्या वर्गातील द्रव्यांच्या नायट्रो व अमिनो संयुगांपासून होणारी विषबाधा अधिसूचित रोग म्हणून नोंदलेली आहे. अशी बाधा आढळली तर कारखान्याने आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी ती शासनाच्या संबंधित अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा ही तक्रार करताना आपल्या पतींनी संकोच करण्याचे कारण नाही.

या विषबाधेवर रुग्णालयात मेथिलीन ब्लू हे औषध शिरेतून देतात. काही रुग्णांना, विशेषतः जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना, ते चालत नाही, म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच असतो. तेथे पोहोचताच 'श्वास लागतो' एवढेच सांगून थांबू नका. पती ॲनिलिनचे काम करतात, हे पहिल्या वाक्यात सांगा आणि मेथिमोग्लोबिनची तपासणी करायला सांगा.